विश्लेषण : दप्तरखाना जळाला, तरी आयरिश माणूस आपले पूर्वज कसे शोधतो?

घरात सांगितली जाणारी गोष्ट, पेटीतला जुना फोटो आणि सरकारी नोंद या तिन्हींचा मेळ सहसा बसत नाही. आयर्लंडचा अनुभव सांगतो, की पूर्वजांचा खरा शोध तिथूनच सुरू होतो.

न्यूयॉर्क बंदरातील एलिस बेटावरचे स्थलांतरितांचे केंद्र १ जानेवारी १८९२ रोजी सुरू झाले. तिथून अमेरिकेत पाऊल टाकणारी पहिली व्यक्ती होती अॅनी मूर, आयर्लंडमधील कॉर्क परगण्यातली एक मुलगी. बरोबर दोन धाकटे भाऊ होते. आईवडील आधीच न्यूयॉर्कला गेले होते. पहिली प्रवासी म्हणून तिला दहा डॉलरचे सोन्याचे नाणे मिळाले. वर्तमानपत्रांनी तिचे वय १५ छापले, प्रत्यक्षात ती १७ वर्षांची होती. आज आयर्लंडमधील कोव्ह बंदरात आणि एलिस बेटावरही तिचा पुतळा आहे.

या अॅनीचे पुढे काय झाले? कित्येक वर्षे सांगितले जाई, की ती पश्चिमेकडे गेली, टेक्सासमध्ये संसार थाटला आणि १९२३ मध्ये ट्रामच्या धडकेत गेली. तिथल्या एका कुटुंबात ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती. त्या घरातील लोकांना समारंभांना बोलावले जाई, पुस्तकांतही तेच छापून येई. वंशावळी अभ्यासक मेगन स्मोलेन्याक यांनी मात्र कागद तपासले. टेक्सासची अॅनी मूर स्थलांतरित नव्हतीच, तिचा जन्म अमेरिकेतल्याच इलिनॉय राज्यातला निघाला. मग खरी अॅनी कुठे गेली? स्मोलेन्याक यांनी माहिती देणाऱ्याला एक हजार डॉलरचे बक्षीस जाहीर केले आणि २००६ मध्ये उत्तर मिळाले. खरी अॅनी न्यूयॉर्क सोडून कुठेच गेली नव्हती. मॅनहॅटनच्या गरीब वस्तीत तिने संसार केला. तिला किमान दहा मुले झाली, त्यातली अनेक लहानपणीच दगावली. १९२४ मध्ये ती वारली आणि क्वीन्समधील दफनभूमीत तिच्या थडग्यावर नावाचा दगडही नव्हता. तो २००८ मध्ये बसवण्यात आला.

टेक्सासचे कुटुंब खोटे बोलत नव्हते. त्यांनी ऐकले तेच सांगितले. पण त्यांच्या गोष्टीमुळे एका गरीब बाईचे खरे आयुष्य झाकले गेले होते. पूर्वजांचा शोध हा निवृत्त माणसांचा निरुपद्रवी छंद आहे, असे म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण लक्षात घ्यावे. चुकीची वंशावळ कुणाची तरी जागा बळकावते.

१९२२ मध्ये नेमके काय जळाले?

आयरिश पूर्वज शोधणाऱ्याला पहिल्याच दिवशी एक वाक्य ऐकवले जाते : ‘सगळे कागद जळाले.’ यात तथ्य आहे. ब्रिटनशी झालेला करार मान्य नसलेल्या बंडखोरांनी एप्रिल १९२२ मध्ये डब्लिनच्या ‘फोर कोर्ट्‌स’ या न्यायालयीन संकुलाचा ताबा घेतला. हंगामी सरकारने २८ जूनला त्यावर तोफा डागल्या. ३० जूनला मोठा स्फोट झाला आणि संकुलातील सरकारी दप्तरखाना भस्मसात झाला. काही शतकांचे दस्तऐवज गेले. जळक्या कागदांचे तुकडे शहरभर उडत होते.

१८२१, १८३१, १८४१ आणि १८५१ या चार जनगणनांचा बहुतेक भाग या आगीत गेला. पण त्यानंतरच्या चार जनगणनांचा दोष आगीला देता येत नाही. १८६१ आणि १८७१ चे तक्ते सरकारनेच नष्ट केले होते. १८८१ आणि १८९१ चे तक्ते पहिल्या महायुद्धाच्या काळात कागदटंचाईमुळे लगद्यासाठी गेले. म्हणजे अर्धे नुकसान युद्धाने केले आणि अर्धे कारकुनी हिशेबाने. आग सगळ्यांच्या लक्षात राहते, रद्दी कुणाच्याच नाही.

हे नुकसान इतके मोठे का मानले जाते? कारण मधल्या काळात या देशाची उलथापालथ झाली होती. १८४१ मध्ये आयर्लंडची लोकसंख्या सुमारे ८१ लाख ७० हजार होती. बटाट्याच्या रोगामुळे १८४५ पासून पडलेल्या महादुष्काळात सुमारे दहा लाख लोक मेले आणि तितकेच किंवा त्याहून अधिक देश सोडून गेले. १८५१ मध्ये लोकसंख्या सुमारे ६५ लाख ५० हजारांवर आली. जे मेले आणि जे गेले, त्यांची नावे एकत्र मिळण्याची जागाच जळाली.

मग उरले काय?

बरेच काही, पण विखुरलेले. इथे इतिहासाने एक गंमत केली आहे. प्रॉटेस्टंट ‘चर्च ऑफ आयर्लंड’ हे एकेकाळचे राजमान्य चर्च असल्याने त्याच्या जुन्या नोंदवह्या सरकारी दप्तरखान्यात जमा होत होत्या. त्यांचा मोठा भाग जळाला. बहुसंख्य कॅथलिक समाजाच्या वह्या गावोगावच्या चर्चमध्येच पडून होत्या, म्हणून त्या वाचल्या. राष्ट्रीय ग्रंथालयाने २०१५ मध्ये या वह्यांच्या सुमारे ३ लाख ७० हजार प्रतिमा इंटरनेटवर मोफत खुल्या केल्या. त्यातील बऱ्याच नोंदी लॅटिनमध्ये आहेत. घरातला जेम्स तिथे ‘याकोबुस’ होतो, विल्यम ‘गुलिएल्मुस’ होतो. हे माहीत नसेल तर समोर असलेले पणजोबाही दिसत नाहीत.

त्याखेरीज तीन मोठी साधने आहेत. पहिले, ‘ग्रिफिथ मूल्यांकन’. १८४७ ते १८६४ या काळात करआकारणीसाठी देशभरातील जमीन आणि घरांची पाहणी झाली, त्यात प्रत्येक कुळाचे आणि मालकाचे नाव आहे. आपल्या सातबाऱ्याची आठवण यावी असा हा दस्त आहे, मात्र त्यात घरातील बायकामुले नाहीत. दुसरे, जन्म-मृत्यू-विवाह नोंदणी. बिगर-कॅथलिक विवाहांची नोंद १८४५ पासून आणि सर्वांची सर्व नोंद १८६४ पासून सुरू झाली. शंभर वर्षांपूर्वीचे जन्म, ७५ वर्षांपूर्वीचे विवाह आणि ५० वर्षांपूर्वीचे मृत्यू आता सरकारी संकेतस्थळावर मोफत पाहता येतात. तिसरे, १९०१ आणि १९११ च्या जनगणना. या दोन्ही पूर्ण शाबूत आहेत आणि मोबाइलवरही उघडतात. १९२१ ची जनगणना स्वातंत्र्ययुद्धामुळे झालीच नाही. पुढची १८ एप्रिल १९२६ ला झाली आणि तिच्यावर शंभर वर्षांच्या गोपनीयतेचा नियम होता.

आगीच्या शंभराव्या वर्षी, २०२२ मध्ये, डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या पुढाकाराने ‘व्हर्च्युअल रेकॉर्ड ट्रेझरी’ हा प्रकल्प खुला झाला. जळालेल्या दस्तऐवजांच्या नकला, उतारे आणि टिपणे जगभरातून गोळा करून तो दप्तरखाना संगणकावर पुन्हा उभा केला जात आहे. मूळ गेले, पण कुणीतरी कधीतरी नक्कल करून ठेवली होती, म्हणून हे शक्य झाले.

पेन्शनचा अर्ज वंशावळीला कसा उपयोगी पडला?

१९०८ च्या कायद्याने ७० वर्षांवरील गरिबांना पेन्शन मिळू लागले. पहिले वाटप जानेवारी १९०९ मध्ये झाले. अडचण अशी, की तेव्हा सत्तरीत असलेल्यांच्या जन्माची सरकारी नोंदच नव्हती. वय सिद्ध करायचे कसे?

एक उत्तर लोकस्मृतीने दिले. ६ जानेवारी १८३९ च्या रात्री आयर्लंडला भयंकर वादळाने झोडपले होते. ‘मोठ्या वाऱ्याची रात्र’ म्हणून ते ओळखले जाते. ती रात्र मला आठवते, असे म्हणणारा १९०९ मध्ये सत्तरी पार केलेलाच असणार. त्यामुळे ही आठवण वयाचा पुरावा म्हणून पुढे केली जाऊ लागली. आपल्याकडे ‘प्लेगच्या साली जन्मला’ किंवा ‘बहात्तरच्या दुष्काळात पोटात होता’ असे सांगतात, त्यातलाच हा प्रकार. अर्थात, पेन्शनच्या आशेने ती रात्र आठवणाऱ्यांची संख्या किती वाढली असेल, याचा अंदाज वाचकांनीच करावा.

दुसरे उत्तर कागदाचे होते. अर्जदाराच्या आईवडिलांची नावे आणि गाव घेऊन कारकून १८४१ आणि १८५१ च्या जनगणनेत त्याचे नाव शोधत आणि सापडले ते अर्जावर उतरवून ठेवत. पुढे जनगणना जळाली, पण हे शोध-अर्ज राहिले. आज अनेक कुटुंबांसाठी दुष्काळापूर्वीच्या घराची ती एकमेव सरकारी खूण आहे. १९०१ आणि १९११ चे तक्ते शेजारी ठेवले, तर काही माणसे दहा वर्षांत तेरा-चौदा वर्षांनी म्हातारी झालेली दिसतात, त्यामागे पेन्शनचा हा हिशेबही आहे.

यातून निघणारा धडा महत्त्वाचा आहे. सरकारी कागद म्हणजे सत्य नव्हे. तोही कुणीतरी, काही कारणासाठी, काही फायद्यातोट्याचा विचार करून सांगितलेली गोष्टच असते. फक्त तिच्यावर तारीख असते.

गावाचे नाव इतके महत्त्वाचे का?

मराठी वाचकाला हे लगेच समजेल. आयर्लंडचे माजी पंतप्रधान लिओ वराडकर यांचे वडील मुंबईचे, मूळ गाव मालवण तालुक्यातील वराड. आडनावातच गाव असल्याने वाट चुकण्याचा प्रश्न नव्हता. डिसेंबर २०१९ मध्ये पंतप्रधान असताना वराडकर कुटुंबासह त्या गावी येऊन गेले.

आयरिश आडनाव गाव सांगत नाही, पूर्वज सांगते. ‘ओ’ म्हणजे अमक्याचा वंशज, ‘मॅक’ म्हणजे अमक्याचा मुलगा. इंग्रजी अमलात अनेकांनी हे ‘ओ’ आणि ‘मॅक’ गाळले, पुढे काहींनी परत लावले. काही आडनावांचे थेट भाषांतर झाले. लोहाराचा मुलगा या अर्थाचे आयरिश आडनाव कुठे मॅकगोवन झाले, तर कुठे स्मिथ. एकाच पॅरिशमध्ये एकाच नावाचे पाच-पाच मायकल आणि मेरी असत, कारण पहिल्या नातवाला आजोबांचे नाव देण्याची प्रथा तिथेही होती.

म्हणून खरी किल्ली असते ती ‘टाउनलँड’ची. हा तिथला जमिनीचा सर्वांत लहान विभाग, साधारण आपल्या वाडीसारखा. देशात असे ६० हजारांहून अधिक टाउनलँड आहेत. ‘आम्ही कॉर्कचे’ एवढ्यावर काही सापडत नाही. वाडीचे नाव कळले, की पॅरिश कळते, पॅरिश कळली की वही उघडता येते. आणि ते वाडीचे नाव बहुधा कुठल्याच सरकारी कागदावर नसते. ते असते आजीच्या बोलण्यात, पत्राच्या कोपऱ्यात, परदेशातल्या थडग्यावर किंवा फोटोच्या मागे. नोंदींचा महासागर मोफत खुला असला, तरी त्यात कुठे बुडी मारायची, हे घरातली गोष्टच सांगते.

जुना फोटो काय सांगतो?

फोटो चेहऱ्यासाठी पाहिला जातो, माहिती मात्र बहुधा कडेला आणि पाठीमागे असते. जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेले छोटे ‘कार्त द व्हिझित’ हे १८६० च्या दशकात लोकप्रिय झाले, तळहाताएवढे मोठे ‘कॅबिनेट कार्ड’ १८६६ पासून आले. पत्र्यावरचा फोटो असेल, तर तो १८५० च्या दशकाच्या मध्यानंतरचा. मागची बाजू मजकूर आणि पत्ता अशी विभागलेले पोस्टकार्ड असेल, तर ते ब्रिटन-आयर्लंडमध्ये १९०२ नंतरचे, अमेरिकेत १९०७ नंतरचे. स्टुडिओचे नाव आणि पत्ता छापलेला असेल, तर जुन्या व्यापारी निर्देशिकांतून तो स्टुडिओ त्या पत्त्यावर किती वर्षे होता, हे काढता येते.

एवढ्यानेच अनेक दंतकथा कोसळतात. ‘हे पणजोबा, दुष्काळात बोटीवर चढण्यापूर्वीचे’ असे सांगून दाखवलेला फोटो कॅबिनेट कार्ड असेल, तर तो दुष्काळानंतर किमान १४ वर्षांनी काढलेला आहे. मग तो पणजोबांच्या मुलाचा असेल किंवा पणजोबांचा उतारवयातला, अमेरिकेत काढलेला. गोष्ट फेकून द्यायची नाही, तिची जागा बदलायची.

अनोळखी फोटो ओळखण्यासाठी लोकांची मदतही मिळते. आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने २०११ पासून आपल्या संग्रहातील जुने फोटो ‘फ्लिकर’वर टाकले. दुकानाची पाटी, गाडीचा नंबर, भिंतीवरची जाहिरात पाहून सामान्य वाचक जागा आणि वर्ष शोधून देतात.

नातेवाइकांच्या गोष्टींवर किती विश्वास ठेवावा?

परदेशातील आयरिश घरांत हमखास ऐकू येणारी गोष्ट म्हणजे ‘एलिस बेटावरच्या साहेबाने आमचे नाव बदलले’. प्रत्यक्षात तिथले अधिकारी नावे नव्याने लिहीत नसत. बोट सुटण्यापूर्वी तयार झालेल्या यादीशी ते प्रवाशाचे नाव ताडून पाहत. नाव बदलले असेल, तर ते बहुतेकदा नंतर, नोकरीसाठी, शेजाऱ्यांसाठी, स्वतःहून. ‘साहेबाने बदलले’ असे सांगणे सोपे असते, ‘आम्हीच सोडले’ हे सांगणे अवघड. गोष्ट चुकीची असली, तरी ती का रचली गेली हे कळले, की पूर्वजांची लाज, भीती आणि गरज कळते. तीही माहितीच आहे.

याउलट, काही गोष्टी घरात सांगितल्याच जात नाहीत. १९११ च्या जनगणनेत विवाहित स्त्रियांना दोन प्रश्न होते : किती मुले जिवंत जन्मली आणि त्यातली आता किती आहेत? या दोन रकान्यांतील फरक म्हणजे घरात कुणी कधीच न घेतलेली नावे. अनेक नातवंडांना आजीची दोन-तीन मुले लहानपणी गेली होती, हे त्या तक्त्यातून पहिल्यांदा कळते.

याचे सर्वांत कठोर उदाहरण गॉलवे परगण्यातील ट्युअम गावाचे. तिथे अविवाहित मातांसाठी जोगिणींनी चालवलेले एक ‘माता-बाल गृह’ होते. कॅथरीन कॉर्लेस या स्थानिक अभ्यासक बाईंनी १९२५ ते १९६१ या काळात तिथे मरण पावलेल्या मुलांच्या मृत्यूनोंदी मिळवल्या. ७९६ मुले निघाली. दफनभूमीच्या नोंदींत मात्र जवळपास कुणाचाच पत्ता नव्हता. २०१४ मध्ये हे जगासमोर आले, २०१७ मध्ये चौकशी आयोगाने त्या जागी मानवी अवशेष असल्याची पुष्टी केली आणि २०२५ मध्ये उत्खनन सुरू झाले. एका बाईने दोन नोंदवह्या शेजारी ठेवून पाहिल्या, एवढेच त्याचे मूळ. दत्तक गेलेल्यांना स्वतःचा जन्मदाखला मिळण्याचा पूर्ण हक्कही आयर्लंडने २०२२ च्या कायद्यानेच दिला.

मुंबई इलाख्याशी काही संबंध?

आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या आणि पुढे ब्रिटिश फौजेच्या पलटणींत आयरिश शिपायांचा भरणा मोठा होता. मुंबई, पुणे, खडकी, देवळाली या छावण्यांत ते राहिले, काहींनी इथेच लग्ने केली, अनेकांची मुले इथेच जन्मली आणि पुरली गेली. मुंबई इलाख्यातील चर्चमधील बाप्तिस्मा, विवाह आणि दफनाच्या नोंदींच्या नकला लंडनला पाठवल्या जात. त्या आज ब्रिटिश लायब्ररीत ‘एन/३’ या मालिकेत आहेत. त्यामुळे आयर्लंडमधील एखाद्या घराची हरवलेली फांदी खडकीच्या नोंदीत सापडू शकते, आणि इथल्या अँग्लो-इंडियन घराचे मूळ तिकडच्या एखाद्या टाउनलँडमध्ये.

एका क्लिकवर वंशवृक्ष, मग चिंता कशाची?

आज वंशावळीची अॅप क्षणात झाड तयार करून देतात. दुसऱ्या कुणी जोडलेले पूर्वज ‘तुमचेही असू शकतात’ म्हणून सुचवतात आणि आपण होकाराचे बटण दाबतो. टेक्सासच्या अॅनी मूरची चूक एका घरापासून पसरायला काही दशके लागली, अॅपवरची चूक एका रात्रीत शेकडो झाडांत जाते. आडनावाचे मानचिन्ह विकणारी दुकाने हा त्याच धंद्याचा जुना प्रकार.

यात केवळ हौसेचा प्रश्न नाही. आजी किंवा आजोबांचा जन्म आयर्लंड बेटावर झाला असेल, तर परदेशी जन्माच्या नोंदवहीत नाव घालून आयरिश नागरिकत्व मिळवता येते. २०१६ च्या ब्रेग्झिट मतदानानंतर ब्रिटनमधील अनेकांना अचानक आयरिश आजी आठवली, ती यामुळेच. तिथे गोष्ट चालत नाही, दाखला लागतो. म्हणजे कागद असलेल्यांचे पूर्वज त्यांच्या कामी येतात आणि ज्यांची नोंदच झाली नाही त्यांचे येत नाहीत. म्हणूनच माझे म्हणणे असे, की गोष्ट आणि कागद यांपैकी एकाला खरे मानून दुसऱ्याला रद्द करणे ही चूक आहे. गोष्ट कुठे शोधायचे ते सांगते, कागद काय सापडले ते सांगतो. दोन्ही जुळत नसतील, तर दोन्ही लिहून ठेवावेत, तारखेसह आणि सांगणाऱ्याच्या नावासह.

आपण काय करू शकतो?

आयर्लंडने १९३७ ते १९३९ या काळात एक साधी गोष्ट केली. सुमारे पाच हजार प्राथमिक शाळांतील मुलांना गृहपाठ दिला : घरातल्या आणि गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा आणि वहीत लिहून आणा. दुष्काळाच्या आठवणी, मोठ्या वाऱ्याची रात्र, उपचार, खेळ, पडक्या घरांची नावे. त्यातून सुमारे ७ लाख ४० हजार पानांचा संग्रह झाला आणि आज तो इंटरनेटवर वाचता येतो. पंधरा वर्षांपूर्वी दप्तरखाना गमावलेल्या देशाने तो मुलांच्या हातून पुन्हा भरायला घेतला होता. आपल्या शाळांनी दिवाळीच्या सुट्टीत असा गृहपाठ द्यायला काहीच खर्च येत नाही.

शाळा देईल तेव्हा देईल, घरच्या घरी आजही सुरुवात करता येईल. जुन्या फोटोची मोबाइलवर दोन छायाचित्रे घ्यावीत, पुढची आणि मागचीही. घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाला तो दाखवावा आणि फोन रेकॉर्डिंगला लावून ठेवावा. ‘हे कोण?’ याबरोबरच ‘हे कुणी काढले, कुठे काढले, यात कोण नाही आणि का नाही?’ हेही विचारावे. मिळालेली नावे फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने लिहावीत, बॉलपेनने नाही. नाव विचारताना बायकांची माहेरची नावे विसरू नयेत, कारण कागदांत तीच सर्वांत आधी हरवतात.

डब्लिनचा दप्तरखाना जळाला तो एका दिवसात, म्हणून त्याची तारीख सर्वांना पाठ आहे. घरातल्या आठवणी जातात तेव्हा आवाज होत नाही. ग्रुप फोटोतल्या डावीकडून तिसऱ्या बाईंचे नाव माहीत असलेले माणूस अजून घरात असेल, तर या रविवारी ते विचारून घ्यावे.